इंग्लिशमध्ये रोजचे वैयक्तिक प्रश्न विचारले तर उत्तर कसं द्यायचं: वहीच्या तयारीपासून निरोपापर्यंत

कराडमध्ये शनिवारी-रविवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण इंग्लिश बोलायच्या सरावाला बसतो, तो सराव मी घेते. किराणा दुकान चालवणारे आहेत, पुण्याला नोकरी शोधायला निघालेली मुलं आहेत, नातवंडांना मराठी येत नाही म्हणून या वयात इंग्लिश शिकणाऱ्या दोन आज्या आहेत. आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. अवघड विषयावर नाही हं, तर नाव, गाव, काम, घरात कोण कोण, काल काय केलं असल्या प्रश्नांवर, ज्यांची उत्तरं आपल्याला झोपेतसुद्धा माहीत असतात.

कारण काय, तर बहुतेकांनी पंधरा-वीस उत्तरं घोकलेली असतात. समोरच्याने घोकलेल्या क्रमाने विचारलं तर धडाधड उत्तर येतं, पण त्याने मधूनच दुसरं काही विचारलं की सगळी माळ तुटते आणि मग 'व्हेअर डू यू वर्क' या प्रश्नाला 'आय लिव्ह इन कराड' असं उत्तर जातं. म्हणून उत्तरं पाठ करायची नाहीत. स्वतःची माहिती तयार ठेवायची आणि प्रश्नाचा पहिला शब्द कानाने पकडायचा, एवढं जमलं की निम्म्याहून जास्त काम होतं. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. उच्चाराचा टप्पा मुद्दाम मागे ठेवलाय, तो आधी करायला गेलात तर तोंड उघडायचीच भीती बसते.

टप्पा १: वही, आणि तीही आधी मराठीत

एक साधी वही घ्या. प्रत्येक पानावर एक विषय: मी, माझं गाव, घर, घरची माणसं, काम किंवा शिक्षण, रोजचा दिवस, जेवणखाण, सुट्टीत काय करतो, तब्येत, पुढचा विचार. दहा पानं पुरेत.

प्रत्येक पानावर स्वतःबद्दलच्या खऱ्या सहा-सात गोष्टी मराठीत लिहा. पूर्ण वाक्यं नकोत, तुकडे. 'घर: दोन खोल्या, वरचा मजला, समोर शाळा, १२ वर्षं, भाड्याचं.' मग प्रत्येक तुकड्याला लागणारा इंग्लिश शब्द शेजारी लिहा, फक्त शब्द. शेती असेल तर पिकांची नावं आत्ताच शोधून ठेवा, कारण ऐनवेळी ती कधीच आठवत नाहीत: ऊस म्हणजे शुगरकेन, ज्वारी म्हणजे सॉरघम, बाजरी म्हणजे पर्ल मिलेट, तूर म्हणजे पिजन पी, हरभरा म्हणजे चिकपी.

गावाच्या पानावर थोडा जास्त वेळ द्या. 'व्हेअर आर यू फ्रॉम' या प्रश्नाला लोक नुसतं गावाचं नाव सांगतात आणि समोरच्याला ते कुठे आहे ते कळत नाही, मग संभाषण तिथेच मरतं. त्यासाठी तीन गोष्टी लिहून ठेवा: जवळचं मोठं शहर, तिथून किती वेळ लागतो, आणि गावाची एक ओळख. कराडचं मी असं सांगते: 'इट्स अ टाउन इन महाराष्ट्र, अबाउट थ्री अवर्स फ्रॉम पुणे बाय रोड. टू रिव्हर्स मीट देअर, द कृष्णा अँड द कोयना.' सांगलीवाल्याने हळद सांगावी, जळगावच्याने केळी, सोलापूरच्याने चादरी, म्हापश्याच्या माणसाने शुक्रवारचा बाजार. परदेशातल्या माणसाला तालुका आणि जिल्हा यातलं काही कळत नाही, तो पत्ता पोस्टमनसाठी ठेवा.

सावधान: वहीत इंटरनेटवरून उचललेली उत्तरं लिहू नका. 'माय हॉबी इज रीडिंग' असं लिहिलंत आणि तुम्ही वर्षभरात एकही पुस्तक वाचलेलं नसेल तर पुढचा प्रश्न 'व्हॉट आर यू रीडिंग नाऊ' हाच येणार, आणि मग ततपप होणार. पिठाची गिरणी चालवत असाल तर गिरणीबद्दल बोला, त्यावर तुम्हाला अर्धा तास बोलता येईल.

टप्पा २: प्रश्नाचा पहिला शब्द पकडा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून सावकाश वाचा.

मराठीत 'का' प्रश्नाच्या शेवटी येतो. 'तू चहा घेतोस का', 'तो आला का', म्हणजे प्रश्न आहे हे आपल्याला शेवटी कळतं. इंग्लिशमध्ये मात्र पहिल्या शब्दातच सगळं सांगून टाकलेलं असतं. आपला कान शेवटाकडे लागलेला असतो, पहिला शब्द सुटतो, आणि मग आपण अंदाजाने उत्तर देतो.

नियम सोपा आहे. ज्या शब्दाने विचारलं त्याच शब्दाने छोटं उत्तर द्यायचं. 'डू यू' ने विचारलं तर 'येस, आय डू' किंवा 'नो, आय डोन्ट'. 'आर यू' ने विचारलं तर 'येस, आय ॲम'. 'डिड यू' ला 'येस, आय डिड'. 'हॅव यू' ला 'येस, आय हॅव'. 'कॅन यू' ला 'येस, आय कॅन'. आता आपल्याकडचा सगळ्यात नेहमीचा प्रश्न घ्या, जेवण झालं का. समोरचा 'हॅव यू हॅड लंच?' असं विचारतो आणि दहातले आठ जण 'येस, आय हॅड' म्हणतात कारण कानात 'हॅड' राहिलेलं असतं. पहिला शब्द 'हॅव' होता, म्हणून 'येस, आय हॅव'. तोच माणूस 'डिड यू हॅव लंच?' म्हणाला तर 'येस, आय डिड'.

'डिड' आणि 'डिडन्ट'च्या बाबतीत अजून एक. 'आय डिडन्ट वेंट' असं होत नाही. 'डिड' आला की भूतकाळ त्याने घेतला, पुढचं क्रियापद साधं राहतं: 'आय डिडन्ट गो'. 'डिड' नसेल तेव्हाच 'आय वेंट'.

'हाऊ'ने सुरू होणारे प्रश्न वेगळे काढून ठेवा, कारण तिथे पहिला नाही तर पहिले दोन शब्द ऐकावे लागतात. 'हाऊ लाँग' असेल तर किती काळ, 'हाऊ फार' असेल तर किती लांब, 'हाऊ मेनी' असेल तर किती नग किंवा किती माणसं, 'हाऊ ऑफन' असेल तर किती वेळा. 'हाऊ ऑफन डू यू गो होम' ला 'बाय बस' हे उत्तर मी कितीतरी वेळा ऐकलंय. बरोबर उत्तर 'ट्वाइस अ मंथ', म्हणजे महिन्यातून दोनदा. ते 'टू टाइम्स इन वन मंथ' असं शब्दाला शब्द लावून करायची गरज नाही.

आणि हे तीन प्रश्न तर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. 'हाऊ इज युवर सिस्टर?' म्हणजे बहीण बरी आहे ना. 'व्हॉट डज युवर सिस्टर लाइक?' म्हणजे तिला काय आवडतं. 'व्हॉट इज युवर सिस्टर लाइक?' म्हणजे ती स्वभावाने कशी आहे. ऐकायला जवळजवळ सारखे, पण उत्तरं पूर्ण वेगळी: 'शी इज फाइन, थँक यू', 'शी लाइक्स कुकिंग', 'शी इज क्वाएट बट व्हेरी काइंड'.

'नाही' असलेला प्रश्न आला की

'डोन्ट यू ईट फिश?' मराठीत कुणी विचारलं, मासे खात नाही का तुम्ही, तर आपण सहज म्हणतो 'हो, नाही खात'. त्याचं सरळ इंग्लिश होतं 'येस, आय डोन्ट' आणि समोरचा गोंधळतो. मराठीत आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्लिशमध्ये समोरच्याचं म्हणणं विसरायचं आणि खरं काय आहे ते बघायचं. खात नसाल तर 'नो, आय डोन्ट'. खात असाल तर 'येस, आय डू'. 'येस' नंतर 'डोन्ट' आणि 'नो' नंतर 'डू' कधीच येत नाही, एवढं धरून ठेवा.

याचा सख्खा भाऊ म्हणजे 'डू यू माइंड'. 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' म्हणजे मी इथे बसलो तर तुमची हरकत आहे का. बसू द्यायचं असेल तर उत्तर 'नो, नॉट ॲट ऑल'. 'येस' म्हणालात तर हरकत आहे असा अर्थ होतो, आणि बिचारा माणूस उभाच राहतो.

तपासून बघा: घरातल्या कुणाला तरी वीस प्रश्नांची यादी वाचायला सांगा आणि तुम्ही उत्तर देऊ नका, फक्त पहिला शब्द मोठ्याने परत म्हणा. वीसपैकी अठरा बरोबर येईपर्यंत पुढच्या टप्प्याला जाऊ नका. बहुतेकांना तीन-चार दिवस लागतात.

टप्पा ३: उत्तर, एक माहिती, उलट प्रश्न

नुसतं 'येस, आय डू' म्हणून थांबलात तर समोरच्याला तुम्ही तुटक वाटता. आणि पाच मिनिटं एकट्यानेच बोलत राहिलात तर तो कंटाळतो. म्हणून छोटं उत्तर, त्यानंतर वहीतली एक खरी माहिती, आणि मग त्यालाच तोच प्रश्न.

'डू यू लाइक कुकिंग?' 'येस, आय डू. आय मेक भाकरी एव्हरी मॉर्निंग. डू यू कुक ॲट होम?' झालं. सगळं मिळून तीन वाक्यं. भाकरी म्हणजे काय असं त्याने विचारलंच तर 'इट्स अ फ्लॅट ब्रेड मेड फ्रॉम मिलेट फ्लोर' असं एक वाक्य तयार हवं. आपल्या पदार्थांची नावं बदलायची नाहीत, नाव आपलंच ठेवायचं आणि पुढे एका वाक्यात काय ते सांगायचं.

परदेशात शिकायला किंवा कामाला जाणारे देतात त्या आयेल्ट्स नावाच्या इंग्लिशच्या परीक्षेतली तोंडी परीक्षा देणाऱ्यांनी मात्र उलट प्रश्न विचारायचा नाही. ती परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते, त्यातली पहिली ४-५ मिनिटं घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी असल्याच ओळखीच्या प्रश्नांची. तिथे प्रश्न परीक्षक विचारतो, तुम्ही उत्तर आणि एक-दोन माहितीची वाक्यं देऊन थांबायचं.

टप्पा ४: विषयवार चुका, वही उघडून दुरुस्त करा

आता वहीतलं एकेक पान घ्या आणि मोठ्याने बोला. कुठे काय चुकतं ते सांगते.

स्वतःची ओळख. 'मायसेल्फ गणेश' असं नको. 'आय ॲम गणेश' किंवा 'माय नेम इज गणेश'. 'व्हॉट इज युवर गुड नेम' हे आपण शुभनाव या शब्दावरून करतो, परदेशी माणसाला त्यातलं 'गुड' कळत नाही. वय सांगताना 'माय एज इज ट्वेंटी फोर रनिंग' नको, चोविसावं चालू आहे हे मराठीतच ठेवा, इंग्लिशमध्ये जेवढी पूर्ण झाली तेवढीच: 'आय ॲम ट्वेंटी थ्री'.

राहणं. 'आय लिव्ह इन कराड ओन्ली' मधला 'ओन्ली' हा आपला 'च' आहे, कराडमध्येच राहतो मधला. तो काढून टाका. किती वर्षं राहताय याला आपण 'पासून' लावतो म्हणून 'सिन्स ट्वेल्व्ह इयर्स' होतं. वर्षांची संख्या सांगायची असेल तर 'फॉर', साल सांगायचं असेल तर 'सिन्स': 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर ट्वेल्व्ह इयर्स', 'आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स २०१३'.

घरची माणसं. हे पान सगळ्यात अवघड, कारण आपली नाती आणि आपला आदर दोन्ही इंग्लिशमध्ये मावत नाहीत. माझे वडील शिक्षक आहेत, ते शाळेत शिकवतात, असं आपण आदराने अनेकवचनात बोलतो आणि मग इंग्लिशमध्ये 'माय फादर आर टीचर, दे टीच इन स्कूल' होतं. इंग्लिशमध्ये वडील कितीही मोठे असले तरी एकच: 'माय फादर इज अ टीचर. ही टीचेस इन अ स्कूल.' 'ही' म्हणताना उगाच अपराधी वाटतं, मला सुरुवातीला वाटायचं, पण त्यात अनादर काही नाही. त्या वाक्यातल्या दोन छोट्या गोष्टीही बघा, 'टीचर'च्या आधी 'अ' आणि 'टीच'चं 'टीचेस'. मराठीत 'अ' सारखं काही नसतं म्हणून तो हमखास गळतो.

नात्यांचं असं आहे की काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे 'अंकल', आणि वहिनी, नणंद, जाऊ, मेहुणी सगळ्या 'सिस्टर-इन-लॉ'. नेमकं कोण ते सांगायचं असेल तर फोडून सांगा: नणंद म्हणजे 'माय हसबंड्स सिस्टर', जाऊ म्हणजे 'माय हसबंड्स ब्रदर्स वाइफ'. चुलतभाऊ, मामेबहीण, आतेभाऊ सगळे नुसते 'कझिन', त्याला 'कझिन ब्रदर' म्हणायची गरज नाही. घरात पाच जण आहोत हे 'वी आर फाइव्ह इन फॅमिली' असं होतं आपल्याकडून, ते 'देअर आर फाइव्ह ऑफ अस' असं म्हणा. आणि 'आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स' नको, 'आय हॅव टू ब्रदर्स'.

घरातलं कुणी वारलं असेल तर 'एक्स्पायर्ड' हा शब्द टाळा, तो औषधाच्या पाकिटावर असतो. 'माय मदर पास्ड अवे इन २०१८.' समोरच्याने असं सांगितलं तर लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका, 'आय ॲम सॉरी टू हिअर दॅट' म्हणा आणि क्षणभर थांबा.

काम. 'व्हॉट डू यू डू?' म्हणजे उद्योग काय करता, आत्ता या क्षणी काय करताय असं नाही. 'आय ॲम डूइंग जॉब' ऐवजी 'आय वर्क इन अ बँक', 'आय वर्क ॲज ॲन इलेक्ट्रिशियन', 'आय रन अ ग्रोसरी शॉप'. शेतकऱ्यांनी 'वी हॅव अ फार्म, वी ग्रो शुगरकेन अँड सोयाबीन' असं सरळ सांगावं. नोकरी नसेल तर 'आय ॲम लुकिंग फॉर अ जॉब', त्यात लाज कसली. एमपीएससी करणाऱ्यांनी महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला 'एमपीएससी' म्हणू नये, त्याला कळत नाही, 'आय ॲम प्रिपेअरिंग फॉर द स्टेट सिव्हिल सर्व्हिस एक्झाम' म्हणा. परीक्षा आपण देतो, इंग्लिशमध्ये ती घेतात: 'आय ॲम टेकिंग द एक्झाम धिस इयर'. कॉलेजातून 'पासआऊट' झालो हेही बदला, बाहेर त्याचा अर्थ चक्कर येऊन पडलो असा होतो, 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२१'.

आणि घर सांभाळणाऱ्या बायकांना माझं कळकळीचं सांगणं, 'आय ॲम ओन्ली हाउसवाइफ' म्हणू नका. मी घरीच असते मधला तो 'च' इथे फार टोचतो. 'आय लुक आफ्टर माय होम अँड फॅमिली' म्हणा, आणि पुढे दिवसभरातली एक गोष्ट सांगा, पहाटेचा डबा, सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास. तुमच्याकडे बोलायला सगळ्यात जास्त माल आहे.

वेळ आणि दिवस. सव्वासात म्हणजे 'क्वार्टर पास्ट सेव्हन', साडेसात म्हणजे 'हाफ पास्ट सेव्हन' किंवा 'सेव्हन थर्टी'. घोळ होतो पावणेआठला. आठ ऐकू येतं म्हणून 'एट फोर्टी फाइव्ह' म्हणतात, ते पावणेनऊ झालं! पावणेआठ म्हणजे 'क्वार्टर टू एट' किंवा 'सेव्हन फोर्टी फाइव्ह'. दीड आणि अडीच म्हणजे 'वन थर्टी' आणि 'टू थर्टी'. आपला 'परवा' दोन्हीकडे चालतो, इंग्लिशमध्ये मात्र ठरवावं लागतं: होऊन गेला असेल तर 'द डे बिफोर यस्टरडे', यायचा असेल तर 'द डे आफ्टर टुमॉरो'.

जेवण आणि तब्येत. 'आय ॲम नॉनव्हेज' म्हणजे तुम्हीच मटण झालात. 'आय ईट मीट अँड फिश' म्हणा. शाकाहारी असाल तर 'आय ॲम व्हेजिटेरियन', अंडं खाता की नाही ते पुढे सांगा. उपवासाचं सांगताना गंमत होते, 'आय ॲम फास्टिंग' म्हणायचं आणि समोर साबुदाण्याची खिचडी, तर तो विचारणारच. 'ऑन फास्टिंग डेज आय डोन्ट ईट राइस ऑर व्हीट, बट आय कॅन हॅव साबुदाणा' एवढं पुरतं. शुगर आणि बीपी हे आपले शब्द आहेत. 'आय हॅव डायबिटीज', 'आय हॅव हाय ब्लड प्रेशर'. आणि 'हाऊ आर यू' म्हणजे आजारपणाची यादी मागितलेली नसते, 'आय ॲम फाइन, थँक यू. हाऊ आर यू?' एवढंच.

तपासून बघा: हे सगळं बोलताना 'मीन्स' किती वेळा आला मोजा. मराठीत अडलं की आपण म्हणजे म्हणजे करतो आणि त्याचंच 'मीन्स, मीन्स' होतं. त्याजागी 'आय मीन' म्हणा किंवा सरळ गप्प बसा. दोन सेकंद गप्प बसलेलं कुणाला खटकत नाही.

टप्पा ५: उच्चार, फक्त तीन

सगळे उच्चार सुधारायच्या मागे लागू नका. तीनच घ्या ज्यांनी अर्थ बदलतो.

एक, 'लिव्ह' ऱ्हस्व आणि 'लीव्ह' दीर्घ. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, म्हणून कराडमध्ये राहतो असं सांगायचं असतं आणि कानाला भलतंच ऐकू जातं. दोन, 'थर्टीन' आणि 'थर्टी'. पहिल्यात जोर शेवटी आणि 'टीन' लांबवायचं, दुसऱ्यात जोर सुरुवातीला. मुलाचं वय सांगताना यात फार गोंधळ होतो. तीन, 'व्हेरी', 'ट्रॅव्हल', 'फाइव्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, आणि 'वर्क', 'वाइफ' म्हणताना ओठांचा चंबू, दात लागायचे नाहीत. लक्षात घ्या, 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हाय' हे आपण लिहितो 'व्ह' ने, पण बोलताना तिथेही चंबूच.

टप्पा ६: कळलं नाही तर, आणि सांगायचं नसेल तर

प्रश्न कळला नाही की लोक हसून 'येस, येस' म्हणतात. हे सगळ्यात महाग पडतं, कारण पुढचा प्रश्न त्या 'येस'वर येतो. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' म्हणा. नुसतं 'व्हॉट?' तुटक लागतं. अर्धं कळलं असेल तर तेवढं परत विचारा: 'डू यू मीन माय ओल्ड जॉब?' आणि विचार करायला वेळ हवा असेल तर 'लेट मी थिंक'.

पगार किती, लग्न का नाही केलं, मूल कधी, हे प्रश्न आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूसही विचारतो. इंग्लिशमध्ये नव्या ओळखीच्या माणसाला, खास करून बाहेरच्या देशातल्या, हे विचारू नका, वयसुद्धा नको. आणि तुम्हाला कुणी विचारलंच तर उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. 'आय'ड रादर नॉट टॉक अबाउट दॅट' असं हसून म्हणा आणि लगेच दुसरा विषय काढा.

सावधान: मोबाइलवरच्या ॲपमधून अनोळखी माणसाशी सराव करत असाल तर पूर्ण पत्ता, जन्मतारीख, मुलांच्या शाळेचं नाव, बँकेबद्दल काहीही सांगायचं नाही. गाव सांगा, गल्ली सांगू नका. ओटीपी मागणारा माणूस इंग्लिश शिकवायला आलेला नसतो, तिथेच कॉल बंद करा.

टप्पा ७: सराव कसा लावायचा

पहिला आठवडा एकट्याने. रोज पंधरा मिनिटं, एक पान. प्रश्न स्वतः विचारा, तीन वाक्यांत उत्तर द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतो, सगळ्यांनाच वाटतो, तरी ऐका. एका रेकॉर्डिंगमधली एकच चूक निवडा आणि तेवढीच दुरुस्त करून परत बोला. दहा चुका एकदम धरल्या की एकही सुटत नाही.

दुसरा आठवडा जोडीने. मुलगा, शेजारीण, मैत्रीण, कुणीही चालेल, त्यांचं इंग्लिश तुमच्याइतकंच असलं तरी चालेल. नियम एकच, मध्ये टोकायचं नाही. ऐकणाऱ्याने चुका कागदावर लिहायच्या आणि शेवटी फक्त तीन सांगायच्या. आमच्याकडे एकदा एका मुलाला दर वाक्याला टोकणारा जोडीदार मिळाला होता, तो मुलगा पुढे महिनाभर आलाच नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठ्या. भिशीला काढतात तशा. पन्नास प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि न बघता काढा. घोकलेला क्रम मोडायचा असतो तो इथे मोडतो. दर चार चिठ्ठ्यांनंतर जोडीदाराने चिठ्ठीत नसलेला एक प्रश्न मनाने विचारायचा. तुम्ही आत्ता दिलेल्या उत्तरातूनच तो निघाला पाहिजे, 'व्हाय', 'विथ हूम', 'हाऊ वॉज इट' असा.

तपासून बघा: काढलेल्या दहा चिठ्ठ्यांपैकी आठला तुम्ही पाच सेकंदांच्या आत तोंड उघडताय का, आणि पहिला शब्द प्रश्नाला जुळतोय का? व्याकरणाच्या बाकी चुका या घडीला मोजू नका. जुळत नसेल तर टप्पा २ परत, वही परत नाही.

दर सरावाच्या शेवटी निरोपही बोलून घ्या, तो सगळेच विसरतात. आपण निघताना 'येते हं' म्हणतो, जाते म्हणत नाही, आणि त्याचं 'ओके, आय ॲम कमिंग' केलं की समोरचा फोन कानाला लावून वाट बघत बसतो. त्या दोन आज्यांपैकी एकीच्या नातवाने खरंच अशी वाट बघितली होती. 'आय हॅव टू गो नाऊ. इट वॉज नाइस टॉकिंग टू यू. सी यू ऑन संडे.' आता त्या दर रविवारी फोन ठेवताना हेच म्हणतात, आणि नातू पलीकडून 'येते हं' म्हणतो.